मंगळवार, दुपारी १.१८

भोरचं भाटघर धरण भरत आलं की नीरेकाठच्या गावांना आधी इशारा जातो, पाणी मागून सुटतं. १२ ऑगस्ट २०१४ रोजी इंटरनेटची नोंदवही, म्हणजे कोणत्या पत्त्याकडे कुठल्या वाटेने जायचं याची यादी, अशीच काठोकाठ भरली. इशारा तिथेही देऊन झाला होता.

३ फेब्रुवारी २०११. आयपीव्ही ४ या जुन्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांचे शेवटचे पाच गठ्ठे मायामीत पाच विभागीय नोंदणी संस्थांना वाटले गेले. जगासाठी पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी, त्यांचं मध्यवर्ती कोठार संपलं. आयपीव्ही ६ ही नवी पद्धत १९९८ पासून तयार होती. पण बदलाचा खर्च आज आणि फायदा उद्या, म्हणून कंपन्यांनी जुन्याच गठ्ठ्यांचे तुकडे पाडून निभावलं. प्रत्येक तुकड्याची वेगळी नोंद जगभरच्या मोठ्या राऊटरांना ठेवावी लागते. २००८ मध्ये अडीच लाखांच्या घरात असलेली वही त्यामुळेही फुगत गेली.

मे २०१४. राऊटर बनवणाऱ्या सिस्कोने ग्राहकांना सावध केलं: आमच्या काही जुन्या राऊटरांत ५,२४,२८८ नोंदींपुरतीच जागा आहे, वही पाच लाखांजवळ आली आहे, सेटिंग बदला.

१२ ऑगस्ट, सकाळ (वेळा भारतीय). वही पाच लाखांवर टेकलेली. ज्या कंपन्यांच्या स्वतःच्या अंतर्गत नोंदी जास्त, त्या काठाच्या आणखी जवळ.

दुपारी १.१८. व्हेरायझन या अमेरिकी दूरसंचार कंपनीच्या जाळ्यातून सुमारे १५ हजार सुट्या नोंदी एकदम बाहेर पडल्या.

दीडच्या सुमारास. जलद मेमरीत न मावलेल्या नोंदींचं काम राऊटरच्या सॉफ्टवेअरवर येऊन पडलं आणि वेग कोसळला. मिशिगनमध्ये पहाटेचे चार. तिथल्या लिक्विड वेब या होस्टिंग कंपनीच्या ग्राहकांच्या साइट्स उघडेनात. व्हेरायझनच्या नोंदी लवकरच मागे गेल्या, पण वही त्या काठाशीच होती.

त्यानंतरचे तास. तात्पुरता इलाज एका ओळीच्या आज्ञेचा: मेमरीतला जुन्या पत्त्यांचा वाटा वाढवा आणि राऊटर पुन्हा सुरू करा. ती जागा यायची कुठून? नव्या पत्त्यांसाठी राखलेल्या भागातून! या सगळ्या घटनाक्रमातली मला सर्वांत लागलेली गोष्ट हीच. पुढच्या पद्धतीची जागा कापून मागच्या पद्धतीला दिली गेली, आणि त्या घटकेला इंजिनिअरांच्या हातात दुसरं फारसं काही नव्हतंही.

आता तासांचा हिशेब पैशांत होतो. १ फेब्रुवारी २०२४ पासून सर्व्हर भाड्याने देणारी अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेस आपण पुरवलेल्या प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही ४ पत्त्यामागे ताशी अर्धा सेंट घेते, वर्षाला ४३.८० डॉलर. मोठ्या कंपनीला ही चिल्लर, पण दहा-वीस सर्व्हर चालवणाऱ्या पुण्यातल्या छोट्या कंपनीला ती जाणवते. भोर-वेल्ह्यात कुणी शेतघरावर कॅमेरा लावतो आणि तो बाहेरून उघडत नाही, तेव्हा बऱ्याचदा कारण हेच असतं की एकच जुना पत्ता शेकडो ग्राहकांत वाटलेला आहे. जिओचं मोबाइल जाळं २०१६ पासून आयपीव्ही ६ वर चालतं, म्हणजे इथल्या गिऱ्हाइकाचा फोन बहुधा तयार आहे. तांदूळ ऑनलाइन विकणाऱ्याने किंवा होमस्टे चालवणाऱ्याने होस्टिंगवाल्याला एवढंच विचारावं: माझ्या साइटला आयपीव्ही ६ चा पत्ता दिलाय का, आणि नसेल तर कधी देताय?