निकाली क्रिकेट

मिसळीला कट आणि खेळाला निकाल लागतोच, हा कोल्हापूरचा मूळ नियम. शाहू महाराजांच्या १९१२ सालच्या खासबाग मैदानात ज्यांच्या पिढ्या मांडी घालून बसल्या, त्यांना पाच दिवस खेळून, चहा पिऊन, शेवटी हात मिळवून घरी जाणारा कसोटी सामना पटावा कसा? "पंचांनी सोडवलेली कुस्ती हाय ही," असे आमच्या पेठेतले एक वस्ताद म्हणत.

एकदिवसीय क्रिकेट आले तेव्हा वस्ताद खूश झाले. त्याचा जन्म पावसाच्या कृपेने झाला. मेलबर्न कसोटीचे पहिले तीन दिवस वाहून गेले, तेव्हा लोकांची समजूत काढायला ५ जानेवारी १९७१ रोजी आठ-आठ चेंडूंची चाळीस षटके खेळवली. पण षटके मोजली म्हणून रंगत येते थोडीच! १९७५ च्या विश्वचषकात इंग्लंडने साठ षटकांत ३३४ केल्या आणि आपले गावसकर साठही षटके खेळून ३६ वर नाबाद राहिले. वस्ताद म्हणाले, "गडी पडला न्हाई, खरं कुस्ती बी केली न्हाई."

मग सुरू झाली नियमांची डागडुजी. १९७९ साली सिडनीत शेवटच्या चेंडूवर वेस्ट इंडीजला तीन धावा हव्या होत्या. इंग्लंडच्या ब्रेअर्लीने यष्टिरक्षकासकट सगळे गडी सीमेवर नेऊन उभे केले. पुढच्याच हंगामात ऑस्ट्रेलियात मैदानावर वर्तुळ आखले गेले. १९८१ साली ट्रेव्हर चॅपेलने शेवटचा चेंडू गोट्या खेळल्यासारखा घरंगळत सोडला. तीही वाट बुजवली. १९९२ साली दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ हव्या होत्या. पाऊस थांबल्यावर फलक म्हणाला, एका चेंडूत २२! त्यावर उतारा म्हणून डकवर्थ-लुईसचे गणित आले. ते ज्याला समजते तो क्रिकेट पाहत नाही.

पुढे २००५ साली पॉवरप्ले आला, २०११ साली दोन्ही टोकांना नवा चेंडू आला. चेंडू जुना होईना, त्यामुळे फिरकी आणि रिव्हर्स स्विंग दोन्ही उपाशी. म्हणजे एका पैलवानाला बदाम-थंडाई आणि दुसऱ्याला नुसते पाणी! २०२५ पासून चौतिसाव्या षटकानंतर एकच चेंडू ठेवतात. गोलंदाजाला निदान वाटीभर दूध मिळाले म्हणायचे.

नुसत्या धावांनी रंगत येत असती तर आमच्या भाऊसाहेब निंबाळकरांचा सामना जगात सर्वांत रंगला असता. डिसेंबर १९४८, पुण्याचा पूना क्लब, रणजी सामना. समोर काठेवाड. महाराष्ट्राच्या चार बाद ८२६ आणि कोल्हापूरचे भाऊसाहेब ४४३ वर नाबाद. ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम गाठायला फक्त नऊ कमी. तेवढ्यात काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब म्हणाले, डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो. आणि निघाले! पाहुणे मैदान सोडून गेल्यावर भाऊसाहेबांनी चेंडू मारायचा कुणाचा?

समोरच्याला मैदानात थांबावेसे वाटावे, असा नियम कुठल्याच पुस्तकात लिहिता येत नाही. तो फक्त तुल्यबळ जोड लावून आणता येतो. फलंदाजाचे ताट वाढवत नेणाऱ्यांनी ४४३ हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

भाऊसाहेबांना पुढे एकही कसोटी सामना मिळाला नाही. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते कोल्हापुरातच गेले. नऊ धावा अजून येणे आहेत.