महबूब पाशाची दुहाई

आमच्या धाराशिवकडे साप चावत नाही. म्हणजे चावतो, पण चावला असं कोणी म्हणत नाही. 'पान लागलं' म्हणतात. सापाला साप म्हटलं तर त्याला राग येतो, म्हणून तो 'जनावर' किंवा 'लांबडं'. एवढ्या अदबीनं आम्ही तहसीलदाराशीही बोलत नाही.

पण पान लागल्यावर करायचं काय, या प्रश्नाला सव्वाशे वर्षांपूर्वी आमच्या मुलखाकडे मोठं शाही उत्तर होतं. तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यात. गादीवर सहावे निजाम मीर महबूब अली खान. १८६९ साली, वयाच्या तिसऱ्या वर्षी ते निजाम झाले. शौकीन माणूस. त्यांच्या कपड्यांची कपाटं हैदराबादच्या पुरानी हवेलीत अजून लोक तिकीट काढून बघतात. तर या महबूब पाशांच्या अंगी सापाचं विष उतरवण्याची शक्ती आहे, अशी ख्याती होती. पान लागलेला कोणीही आला तर वेळ-अवेळ न बघता मला उठवा, असा त्यांचा हुकूमच होता म्हणतात. राजाला मध्यरात्री उठवायचं आणि वर मान शाबूत ठेवायची, हा मान त्या काळी फक्त सर्पदंशाच्या रोग्याला असावा.

आता अडचण एवढीच, की हैदराबाद आमच्यापासून अडीचशे किलोमीटरच्या वर. बैलगाडीनं आठवडा. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी येडशीवरून लातूरला पोचली ती १९११ साली, आणि त्याच साली महबूब पाशा वारले. तसंही त्या गाडीचा वेग बघता रोग्याआधी साप पोचला असता. पण भक्तांनी यावरही तोड काढली होती. राजापर्यंत जायची गरज नाही, 'महबूब पाशाची दुहाई' असं म्हटलं तरी विष उतरतं! नाडी नाही, काढा नाही, टपालहशील नाही. पुढे त्यांचे चिरंजीव उस्मान अली खान गादीवर आले आणि आमच्या जिल्ह्याला त्यांचं नाव मिळालं, ते २०२३ पर्यंत सरकारी कागदांवर टिकलं. बापाचं नाव विषावर चाले, मुलाचं पाटीवर.

तुम्ही हसाल. पण त्या काळच्या माणसाला खुळा ठरवण्याआधी एक हिशेब करून बघा. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. धामण चावली काय नि दिवड चावली काय, अंधारात कोण ओळखपाळख काढतो? विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असं नाही. म्हणजे पुष्कळ माणसं काहीही न करता जगणारच होती. ती दुहाई देऊन जगली, म्हणून श्रेय दुहाईला. जी गेली, ती सांगायला परत आली नाहीत. कुठल्याही चमत्काराची जमाखर्चाची वही अशीच असते, खर्चाची बाजू स्मशानात जमा.

आमच्या आजोळी मारुतीच्या देवळात बसवून कडुनिंबाचा पाला चावायला देत. कडू लागला तर बरं, गोड लागला तर विष चढलं. रोग्याला आधी घामाघूम व्हायला होई, मग पाला कडू लागला की तो उड्या मारत घरी जाई. पण मण्यार नावाचा जो साप आहे, त्याच्यापुढे ही परीक्षा कुचकामी. तो रात्री अंथरुणात शिरतो. चावलेलं कळतही नाही, कधीकधी दाताची खूणसुद्धा सापडत नाही. पुढचे काही तास माणूस ठणठणीत, पाला कडूच लागतो, मांत्रिक विडी ओढत 'उतरलं' म्हणतो. मग पहाटे पापण्या जड होतात, घास गिळता येत नाही, आणि शेवटी श्वास थांबतो. जे तास दवाखान्याच्या वाटेवर जायला हवे होते, ते देवळाच्या पायरीवर गेलेले असतात. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं अंदाजे बारा लाख माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक खेड्यांतली. म्हणूनच महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा ठरवला.

विषावरचा खरा उतारा निघाला तो घोड्याच्या रक्तातून. घोड्याला थोडंथोडं विष टोचायचं, त्याच्या रक्तात विषाला मारणारी द्रव्यं तयार झाली की ती काढून घ्यायची. मुंबईची हाफकिन संस्था वर्षानुवर्षं हेच करत आली. निजामाच्या नावानं जे झालं नाही, ते घोड्यानं केलं. विंचवाचंही तसंच. डॉक्टर हिम्मतराव बावस्कर आमच्याच मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातले. कोकणात महाडकडे सरकारी नोकरीत असताना विंचू चावलेली पोरं डोळ्यांदेखत मरताना त्यांनी पाहिली, आणि रक्तदाबावरच्या प्राझोसिन नावाच्या साध्या गोळीनं ती वाचवता येतात हे १९८०च्या दशकात दाखवून दिलं. लंडनच्या 'लॅन्सेट'नं ते छापलं. इतकं होऊनही गावात विंचू उतरवणाऱ्याकडे रांग असतेच. तो फुकट उतरवतो, शिवाय चहा पाजतो.

मात्र सगळीच जुनी औषधं एका गाडीत कोंबून हाकलू नयेत. निजामीतून आमच्या घरात आलेली एक छोटी बाटली अजून मामांच्या कोनाड्यात आहे. जिंदा तिलिस्मात! हैदराबादच्या एका हकिमांनी १९२० साली काढलेलं हे युनानी औषध. निलगिरीचं तेल, कापूर, पुदिन्याचं नि ओव्याचं सत्त्व, रंगाला रतनजोत, आणि वेष्टणावर दणकट सिद्दी जवान. मामा ते सर्दीला हुंगतात, दाताला लावतात, डोक्याला चोळतात. घरात कोणीही कण्हलं की मामा बाटली घेऊन उभे. सर्दीला बरं वाटतं, यात शंका नाही. भीती वाटते ती मामा एक दिवस छातीत दुखलं तरी तीच बाटली काढतील याची.

मामी वेगळ्या पंथाच्या. २०२० साली करोना आला आणि अंगणातल्या कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलीचं भाग्य उजळलं. मामी रोज सकाळी काढा करत आणि घरादाराला पाजत. त्याच सुमारास मुंबईच्या डॉक्टरांना गुळवेल घेणारे, यकृताला सूज आलेले सहा रुग्ण सापडले, त्यातली एक बाई दगावली. २०२१ साली त्यांनी हे छापल्यावर आयुष मंत्रालयानं हरकत घेतली, की ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल. असेलही. पण मग आमच्या कडुनिंबावरची कुठली, हे मामींना कोण सांगणार? धाराशिवात सरकारी आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथे शिकलेले वैद्य आहेत. त्यांना विचारा म्हटलं, तर मामी म्हणाल्या, "झाडपाल्याला कशाला डॉक्टर? निसर्गाचं आहे, काही होत नाही." मी म्हटलं, "मामी, मण्यारसुद्धा निसर्गाचीच आहे."

हे मात्र लागलं. मामींनी काढा थांबवला. वेल अजून आहे. शेजारपाजारचे येऊन तिची कांडं तोडून नेतात, आणि जाताजाता मामींना विचारतात, "काकू, काढा सोडला म्हणे? तब्येत बरी आहे ना?"