अडगळीचा प्रवास : ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरातील घरगुती टाकाऊ वस्तूंच्या विल्हेवाटीचा ऐतिहासिक आढावा

बीजशब्द : घनकचरा, भंगार, बोहारीण, क्षेपणभूमी, नगरपालिका, नागरी इतिहास

प्रस्तावना

शहराचा इतिहास सामान्यतः त्याच्या वास्तू, व्यापार, रेल्वे आणि राजकीय घडामोडींच्या आधारे लिहिला जातो. शहराने काय टाकून दिले आणि टाकलेले कोणी उचलले, या प्रश्नाकडे इतिहासलेखनात फारसे लक्ष दिले गेलेले नाही. वस्तुतः कोणत्याही काळातील राहणीमान, अर्थव्यवस्था आणि सामाजिक उतरंड यांचे प्रतिबिंब त्या काळच्या टाकाऊ वस्तूंत पडलेले असते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही शहरे या दृष्टीने अभ्यासनीय आहेत. मुंबईच्या छायेत वाढलेल्या या शहरांत जुनी गादी, मोडके कपाट, बंद पडलेला दूरचित्रवाणी संच यांचे करायचे काय, हा प्रश्न गेल्या तीन-चार दशकांत तीव्र झाला. तत्पूर्वी तो या स्वरूपात उपस्थितच झाला नव्हता. असे का घडले, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे

१) घरगुती टाकाऊ वस्तूंच्या विल्हेवाटीच्या पारंपरिक व्यवस्थेचे स्वरूप समजून घेणे.
२) नगरपालिका व महानगरपालिका यांच्या कचराविषयक भूमिकेतील स्थित्यंतरांचा आढावा घेणे.
३) मोठ्या आकाराच्या वस्तूंचा प्रश्न कोणत्या कारणांमुळे निर्माण झाला, हे तपासणे.

नगरपालिका आणि ‘घाण’ ही संकल्पना

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे सुरू झाली आणि १८५४ मध्ये ती कल्याणपर्यंत पोहोचली. याच सुमारास या शहरांत नगरपालिकांचा उदय झाला. कल्याण नगरपालिका १८५५ मध्ये, तर ठाणे नगरपालिका १८६३ मध्ये स्थापन झाली. रस्ते झाडणे, मैला वाहून नेणे, गटारे वाहती ठेवणे आणि दिवाबत्ती ही तत्कालीन नगरपालिकांची प्रमुख कामे होती. १८९६ मध्ये मुंबईत उद्भवलेल्या प्लेगच्या साथीने अस्वच्छता आणि रोगराई यांचा संबंध प्रशासनाच्या मनावर अधिक ठळकपणे बिंबवला. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका अधिनियमानेही सार्वजनिक स्वच्छता हे नगरपालिकांचे बंधनकारक कर्तव्य मानले.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. या संपूर्ण व्यवस्थेत ‘कचरा’ म्हणजे केर, राख, शेण, मैला व सडणारे पदार्थ असेच गृहीत धरले होते. घरातील जुन्या वस्तूंचा विचार त्यात अभिप्रेत नव्हता. त्यासाठी नगरपालिकेची गरजही नव्हती, कारण समाजात दुसरी व्यवस्था अस्तित्वात होती.

दारावरची व्यवस्था

ही दुसरी व्यवस्था म्हणजे दारावर येणाऱ्या व्यावसायिकांची साखळी होय. सुती कपडे विरले की त्यांची गोधडी होई आणि गोधडीही फाटली की तिचे पोतेरे होई. बऱ्या स्थितीतील साड्या, विशेषतः जरीच्या, बोहारीण घेऊन जाई आणि त्यांच्या बदल्यात भांडे देई. या व्यवहारात घासाघीस होत असे. परंतु जुन्या कपड्याला मोल आहे, हे दोन्ही पक्षांना मान्य असे. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हईवाला पुन्हा वापरायोग्य करी आणि अगदीच निकामी झालेली भांडी मोडीत निघत. वर्तमानपत्रे रद्दीवाल्याकडे जाऊन वाण्याच्या पुड्यांच्या रूपाने घरात परतत. रिकाम्या बाटल्या आणि डबे यांसाठी स्वतंत्र फेरीवाले होते.

मोठ्या वस्तूंच्या बाबतीतही हीच स्थिती होती. गादी दडस झाली की पिंजारी दारात बसून तिचा कापूस पिंजून देई आणि त्याच कापसाची गादी नव्या खोळीत पुन्हा भरली जाई. खाटेची नवार बदलली जाई. लाकडी कपाटाची फळी सुतार बदलून देई. अखेर ते लाकूड बंबात जळणासाठी उपयोगी पडे. गादी एका जातीच्या कापसाची आणि कपाट एका जातीच्या लाकडाचे असल्यामुळे ते सुटे करणे, दुरुस्त करणे आणि दुसऱ्या कामी लावणे शक्य होते.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करणे मात्र योग्य ठरणार नाही. ती काटकसरीवर जितकी उभी होती, तितकीच दारिद्र्यावर आणि जातीनिष्ठ श्रमविभागणीवरही उभी होती. बोहारीण, भंगार गोळा करणारे आणि कचरा वेचणाऱ्या स्त्रिया यांना समाजाने उपयुक्त मानले, तरी प्रतिष्ठा दिली नाही. त्यांच्या श्रमांची नोंद नगरपालिकांच्या जमाखर्चात झाली नाही, त्यामुळे ती इतिहासातही अभावानेच आढळते.

स्थित्यंतर : चाळीतून सदनिकेकडे

स्वातंत्र्योत्तर काळात, विशेषतः १९६० नंतर, गिरगाव, दादर, परळ या भागांतील मराठी मध्यमवर्गीय कुटुंबे मोठ्या संख्येने ठाणे व डोंबिवली येथे स्थलांतरित झाली. १९८२ च्या गिरणी संपानंतर कामगारवस्तीतील कुटुंबेही उपनगरांपलीकडे सरकू लागली. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महानगरपालिका आणि १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेनुसार ठाण्याची लोकसंख्या सुमारे १८.४ लाख, तर कल्याण-डोंबिवलीची सुमारे १२.५ लाख होती.

सदनिकेत माळा लहान झाला, अंगण आणि पडवी नाहीशी झाली. गॅस आणि विजेवरील गिझर आल्याने बंब गेला व त्याबरोबर मोडक्या लाकडाची शेवटची वाटही बंद झाली. दारावरील फेरीवाल्याला इमारतीच्या फाटकावर अडवले जाऊ लागले. १९९१ नंतरच्या उदारीकरणाच्या काळात वस्तूंची उपलब्धता वाढली आणि त्यांची घडणही बदलली. कापसाच्या गादीची जागा फोम व काथ्याच्या गादीने घेतली. सागवानी कपाटाऐवजी भुशापासून बनविलेल्या, रासायनिक चिकटद्रव्याने सांधलेल्या आणि वर प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेल्या फळ्यांचे फर्निचर आले. फोम पिंजता येत नाही. अशा फळीला पाण्याने फुगल्यावर रंधा लावता येत नाही. एकाच वस्तूत अनेक पदार्थ एकजीव झाल्याने ते वेगळे करण्याचा खर्च त्यांच्या किमतीपेक्षा अधिक ठरतो. परिणामी भंगारवाला लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम, पुठ्ठा आनंदाने घेतो. परंतु गादी आणि सोफा नाकारतो. घंटागाडीत या वस्तू मावत नाहीत. अशा रीतीने मोठ्या वस्तू दोन्ही व्यवस्थांच्या मधल्या फटीत अडकल्या आणि रात्रीच्या वेळी कचराकुंडीशेजारी, खाडीकाठी वा नाल्यात टाकल्या जाऊ लागल्या.

कायदा आणि क्षेपणभूमी

घनकचऱ्यासंबंधी स्वतंत्र राष्ट्रीय नियम २००० मध्ये अस्तित्वात आले. या नियमांनी कचरा प्रक्रिया व विल्हेवाटीच्या सुविधा उभारण्यासाठी स्थानिक संस्थांना ३१ डिसेंबर २००३ पर्यंतची मुदत दिली होती. प्रत्यक्षात कल्याणमधील आधारवाडी आणि ठाण्यातील दिवा येथे मिश्र कचऱ्याचे ढीग त्यानंतरही अनेक वर्षे वाढत राहिले. आधारवाडीत वारंवार आगी लागल्या आणि परिसरातील रहिवाशांना धुरात दिवस काढावे लागले. फोम, रेक्झिन, प्लॅस्टिक यांसारख्या वस्तू ओल्या कचऱ्यात मिसळल्यावर आग व धूर यांचे स्वरूप किती घातक होते, हे येथील नागरिकांनी अनुभवले. एप्रिल २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कचरा व्यवस्थापनातील त्रुटींमुळे कल्याण-डोंबिवलीतील नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली; ही मनाई २०१६ मध्ये उठविण्यात आली. शहराची वाढ आणि शहराचा कचरा यांचा अतूट संबंध या आदेशाने प्रथमच इतक्या स्पष्टपणे अधोरेखित केला.

मे २०२० पासून कल्याण-डोंबिवलीत वर्गीकृत कचरा स्वीकारण्याची मोहीम राबविण्यात आली आणि मे २०२१ मध्ये आधारवाडी येथे कचरा टाकणे बंद करण्यात आले. ठाण्यात दिवा येथील कचराभूमी २०२३ मध्ये बंद झाल्यावर भंडार्ली आणि त्यानंतर डायघर असा कचऱ्याचा प्रवास झाला. प्रत्येक टप्प्यावर शहराचा भार शहराच्या कडेवरील गावांनी वाहिला, ही बाब दुर्लक्षिता येणार नाही.

दरम्यान ई-कचऱ्याविषयीचे २०११ चे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले. उत्पादकाने आपल्या निरुपयोगी झालेल्या वस्तूंची जबाबदारी घ्यावी, हे तत्त्व त्यातून रुजले. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांची व्याख्या करून त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची अपेक्षा व्यक्त केली. परंतु गादी आणि फर्निचर यांना ई-कचऱ्यासारखा जबाबदार उत्पादक या नियमांनी दिला नाही.

या संदर्भात पुण्याचे उदाहरण उल्लेखनीय आहे. तेथे १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. जुने कपडे, फर्निचर, ई-कचरा अशा वस्तूंसाठी तिने संकलन मोहिमा घेतल्या. दारावर येणाऱ्या जुन्या व्यवस्थेलाच ओळखपत्र व प्रतिष्ठा देऊन नागरी सेवेचे रूप देता येते, हे यावरून दिसून येते.

निष्कर्ष

१) नगरपालिकांनी आरंभापासून कचऱ्याचा विचार सार्वजनिक आरोग्याच्या अंगाने केला, वस्तूंच्या पुनर्वापराचे कार्य अनौपचारिक व्यावसायिकांनी केले.
२) मोठ्या वस्तूंची समस्या केवळ लोकसंख्यावाढीतून उद्भवलेली नाही. वस्तूंची बदललेली घडण, सदनिकांतील राहणी आणि दुरुस्तीच्या व्यवसायांचा ऱ्हास ही तिची प्रमुख कारणे होत.
३) क्षेपणभूमी बंद केल्याने प्रश्न सुटत नाही; तो दुसऱ्या गावाकडे सरकतो.
४) प्रभागनिहाय ठराविक दिवशी मोठ्या वस्तूंचे संकलन, त्या सुट्या करण्याची केंद्रे आणि त्यांत भंगार व्यावसायिक व कचरावेचकांचा मान्यताप्राप्त सहभाग या उपायांना इतिहासाचा आधार आहे.

एखादी वस्तू जुनी झाली म्हणून कचरा होत नाही. ती घेणारे हात उरले नाहीत, की ती कचरा होते. पिंजारी, बोहारीण आणि भंगारवाला हे हात होते. महानगरांच्या नव्या व्यवस्थेत यंत्रे, वाहने आणि प्रकल्प यांना स्थान मिळाले आहे. या हातांना सन्मानाचे स्थान मिळते किंवा नाही, यावरच या व्यवस्थेचे यश अवलंबून राहील.