पिसांचे फूल शाळेत

बॅडमिंटनचे शटल, ज्याला आपल्याकडे सरळ ‘फूल’ म्हणतात, मूळचे चढाओढीचे साधन नव्हे. ‘बॅटलडोर’ या जुन्या खेळात इंग्लंडातील मुले जाळीवाचून खेळत. दोघांनी मिळून फूल भुईवर पडू द्यायचे नाही आणि टोले मोजायचे, एवढाच नियम. ज्या बॅडमिंटन हाऊसवरून पुढे खेळाला नाव पडले, तेथील सॉमरसेट घराण्यात १८३० साली २,११७ टोल्यांची नोंद झाली. मग जाळी आली. १८७० नंतरच्या दशकात पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांनी नियम बांधले, आणि सोबती प्रतिस्पर्धी झाला.

२०१२ साली जागतिक बॅडमिंटन महासंघाने शाळांसाठी ‘शटल टाइम’ हा उपक्रम काढला, तेव्हा तो जुना सोबती काही अंशी परतला. यात फेकणे, झेलणे, तोल सावरणे, पाऊल टाकणे हे सारे फुलाच्या निमित्ताने शिकवितात. याचे मर्म फुलाच्या घडणीत आहे. १६ पिसांचे, जेमतेम पाच ग्रॅमांचे हे फूल हवेच्या विरोधाने झपाट्याने मंदावते. शाळेत बहुधा प्लास्टिकचे असते. त्याचाही गुण तोच. चेंडू निसटून गेला असता, एवढ्या वेळात फूल अजून हवेतच असते. तेवढ्या अवधीत बुजरे मूल एक पाऊल पुढे टाकते. चेंडूच्या खेळात बहुधा तेच पहिल्याने बाद होते.