पाहुण्याचा मान आणि यजमानाचा हट्ट



परदेशात राहणाऱ्या बाईच्या घरी पाहुणा येतो तो तासाभरासाठी नाही. तो येतो दोन आठवड्यांसाठी, कधी दोन महिन्यांसाठी. आपण त्याला आपलं घर देतो आणि घराचे नियमही देतो. या नियमांचा भार कुणावर पडतो, हे मला गांधीजींच्या आफ्रिकेतल्या दोन हकिकती वाचून नीट कळलं. दोन्ही त्यांनी स्वतःच लिहून ठेवल्या आहेत.

गांधीजींचा आपल्या धर्माशी जुना संबंध. १८८८ साली ते विलायतेला निघाले, तेव्हा मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याचं व्रत त्यांना बेचरजी स्वामी या जैन साधूंनी दिलं. मुलाला परदेशी पाठवणाऱ्या आईची काळजी त्यामुळे मिटली.

पहिली हकिकत १८९८ ची, डर्बनची. गांधीजी तिथे वकिली करत होते. घर विलायती पद्धतीचं, खोल्यांना मोरी नाही, म्हणून रात्रीसाठी खोलीत भांडी ठेवलेली असत. कचेरीतले कारकूनही अनेकदा घरीच राहत. जे रुळलेले होते ते आपापलं भांडं धूत. नव्यांचं भांडं नवरा-बायकोपैकी एकाने उचलायचं, असा गांधीजींचा नियम. एक ख्रिस्ती कारकून नवा आला. त्याचे आईवडील अस्पृश्य मानलेल्या जातीतले. इतरांची भांडी उचलणाऱ्या कस्तुरबांना हे मात्र जड गेलं. तरी त्यांनी उचललं, पण रडत, डोळे लाल करून. गांधीजींना तेवढं पुरेना. हे काम हसतमुखाने व्हावं, असा त्यांचा आग्रह. शब्दाला शब्द वाढला आणि त्यांनी बायकोचा हात धरून तिला फाटकापर्यंत ओढत नेलं. तेव्हा कस्तुरबांनी विचारलं, तुम्हाला लाज कशी वाटत नाही? इथे माझे आईबाप नाहीत, नातेवाईक नाहीत, मी जाऊ कुठे? फाटक लावा, लोक बघतील.

जातीचा विटाळ मानणं चूकच, त्यात कस्तुरबांची बाजू मी घेत नाही. पण तत्त्व नवऱ्याचं, भांडं बायकोच्या हातात, आणि वर हसण्याचीही सक्ती, हे चित्र आपल्यापैकी कुणाला अनोळखी आहे? माहेर समुद्रापलीकडे असलं की रुसून जायलाही जागा नसते. गांधीजींनी पुढे शरमेने हे सगळं लिहिलं, म्हणून तरी आपल्याला कळलं.

दुसरी हकिकत १९१२ ची. पाहुणे होते आपले गोपाळ कृष्ण गोखले. २२ ऑक्टोबरला ते केपटाऊनला उतरले. मधुमेहाने प्रकृती नाजूक झालेली. गांधीजींनी त्यांची बडदास्त किती ठेवली! न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेलं उपरणं जोहान्सबर्गच्या मेजवानीसाठी स्वतः इस्त्री करून दिलं. सभेत मराठीत बोला, कोकणी मुसलमान आणि थोडे महाराष्ट्रीय आहेत, त्यांना बरं वाटेल, असा आग्रह धरला आणि स्वतः दुभाषी झाले. परक्या मुलुखात आपली भाषा कानी पडणं हाही पाहुणचारच.

पण पुढे मुक्काम होता टॉल्स्टॉय फार्मवर. कॅलनबाख यांनी १९१० साली सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी दिलेली ही अकराशे एकर जमीन लॉली स्टेशनजवळ होती. स्वयंपाक एकच आणि शाकाहारी. ख्रिस्ती आणि मुसलमान कुटुंबांनीही ते मान्य केलेलं. रमजानात बाकीचे दिवस मावळायच्या आत जेवून घेत आणि मग रोजा सोडणाऱ्यांना वाढत. ही सोय वाचून मला फार बरं वाटलं.

स्टेशनपासून दीड मैल चालायचं असे. गोखले सहज चालतील असं गांधीजींनी गृहीत धरलं. नेमका पाऊस आला, वारा सुटला आणि गोखल्यांना थंडी बाधली. त्यांच्यासाठी वेगळं सूप केलं, कोतवालांनी वेगळी रोटी केली, पण स्वयंपाकघरापासून खोलीपर्यंत नेताना सगळं निवून जाई. मग गोखल्यांना कळलं की इथे सगळे जमिनीवर झोपतात आणि खाट फक्त आपल्यासाठी आणली आहे. त्यांनी खाट काढायला लावली, अंथरूण खाली घातलं. पाय चेपून देतो म्हटलं तर हात लावू देईनात. अर्धं हसत, अर्धं रागावून त्यांनी सुनावलं की कष्ट सोसायला तुम्ही जन्मलात आणि लाड करून घ्यायला आम्ही, असं समजता की काय? आता या अतिरेकाची शिक्षा भोगा. ती सारी रात्र गांधीजींनी पश्चात्तापात काढली.

पाहुण्याने खाट नाकारली तेव्हा यजमानाचा हट्ट उघडा पडला. कस्तुरबांना चौदा वर्षांपूर्वी तो दिसला होताच.

मी लंडनजवळ राहते. डिसेंबरात इथे चारच्या आत सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वानऊनंतर. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम आमच्या घरात आहे, पण थंडीत आलेल्या प्रत्येक पाहुण्याने साडेतीनला ताटावर बसावं असं मी म्हणत नाही. ज्यांचा नियम आहे, त्यांची ताटं आधी वाढते. बाकीच्यांसाठी डबा झाकून ठेवते, वाढून घ्यायचं काम त्यांचं. कांदा-बटाटा मात्र माझ्या घरात शिजत नाही, ते मी तिकीट काढायच्या आधीच फोनवर सांगून ठेवते. सासूबाई आल्या की पाणी गाळणं-उकळणं त्या आपणहून घेतात, मीही घेऊ देते. आणि नियम आम्हा दोघांचे आहेत, म्हणून पाहुण्यांच्या मुक्कामात सकाळचा नाश्ता आणि रात्रीची भांडी नवऱ्याकडे असतात.

तुमच्याकडे उन्हाळ्यात मंडळी यायची असतील, तर चादरी धुवायला टाकण्याआधी घरात एवढं ठरवून घ्या, की कोणता नियम कुणाचा आणि त्याचं काम कुणाकडे.