माकडताप : मेलेल्या माकडाची नोंद नकाशावर का करतात?

सिंधुदुर्ग आणि गोव्यातील जंगलालगतच्या गावांत माकड मेलेले आढळले, की त्या जागेची नेमकी नोंद होणे महत्त्वाचे असते. तुमच्या घरातील तापाच्या रुग्णाशीही या नोंदीचा संबंध असू शकतो.

माकडताप म्हणजे काय?

माकडताप (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज) हा विषाणूजन्य आजार आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात तो प्रथम ओळखला गेला. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले. बाधित गोचीड चावल्याने किंवा आजारी अथवा नुकत्याच मेलेल्या माकडाच्या संपर्कातून तो होतो. एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही.

नकाशाचा उपयोग काय?

माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पाचोळ्यात उतरतात. म्हणून त्या जागेभोवती सुमारे ५० मीटर परिसरात कीटकनाशक पावडर टाकली जाते. जागा चुकली, तर पावडर भलतीकडे पडते आणि धोका तसाच राहतो.

कर्मचाऱ्यांनी काय शिकायचे असते?

पशुवैद्यकीय अधिकारी व पशुधन पर्यवेक्षकांना पुढील गोष्टी येणे गरजेचे असते :

• मोबाइलच्या जीपीएसवर अक्षांश-रेखांश घटनास्थळीच नोंदवणे. कार्यालयात परतून नोंद केल्यास नकाशावर कार्यालयाचीच जागा उमटते.
• गावाबरोबर वाडीचे नाव, तारीख आणि नमुना घेतला का, हे लिहिणे.
• क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्या बिंदूंवर वस्ती, काजूबागा व पायवाटा दाखवणे आणि भोवती वर्तुळ आखणे.
• हा नकाशा आरोग्य व वन विभागाला लगेच देणे.

मात्र नकाशावर बिंदू नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नये. कुणी कळवलेच नाही, तर नोंद होत नाही.

तुम्ही काय करावे?

• मेलेल्या माकडाला हात लावू नका. आरोग्य केंद्र, वन कर्मचारी किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.
• साधारण डिसेंबर ते जून या काळात काजूबागेत किंवा जंगलात जाताना अंगभर कपडे घाला. गोचीड-प्रतिबंधक तेल लावा.
• घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा, कपडे धुवा आणि अंगावर गोचीड आहे का पाहा.
• गुरांच्या गोचिडींवर पशुवैद्यकांच्या सल्ल्याने औषध लावा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

अचानक जोराचा ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी, उलट्या किंवा जुलाब झाल्यास त्याच दिवशी जा. जंगलात गेला होतात किंवा जवळपास माकड मेले होते, हे आवर्जून सांगा. त्यावरून डॉक्टर योग्य रक्ततपासणी करू शकतात. या आजारावर विषाणू मारणारे खास औषध नाही. वेळेवर सलाइन आणि देखरेख मिळाल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात. मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

नाक-हिरड्यांतून रक्त येणे, गुंगी, झटके, किंवा ताप उतरून एक-दोन आठवड्यांनी पुन्हा येणे, यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्या.