तिसरा आलेला पहिला संच

मराठीत ‘हौशी’ हा शब्द दोन तोंडांनी बोलतो. ‘हौशी रंगभूमी’ म्हणताना त्यात आदर असतो. ‘काम जरा हौशी झालंय’ म्हणताना तोच शब्द टोमणा होतो. संगणकावरच्या जुन्या कोडे-खेळांसाठी चाहत्यांनी ज्या नव्या लेव्हल्स रचल्या, त्यांच्याविषयी बोलतानाही हे दोन्ही सूर ऐकू येतात. कुणाला त्यात निखळ प्रेम दिसते, तर कुणाला वाटते की कंपनीने पारखून दिलेल्या लेव्हल्सची सर या फुकटच्या कामाला कुठून येणार? गेली काही वर्षे मी असे संच सोडवत, एकमेकांशी ताडून पाहत आलो आहे. त्यातून माझे मत असे झाले आहे की या संचांचा दर्जा रचनाकाराच्या हुशारीपेक्षा संपादकाच्या विवेकावर अधिक अवलंबून असतो, आणि तो विवेक अंगी यायला चाहत्यांना जवळजवळ दोन दशके लागली. हा लेख त्या दोन दशकांचा मागोवा आहे.

साधन हाती येते तेव्हा

खेळणाऱ्याच्या हाती रचनेचे साधन देणाऱ्या सुरुवातीच्या खेळांत ‘लोड रनर’चे नाव घ्यावे लागते. डग स्मिथने रचलेला हा खेळ ब्रॉडरबंड कंपनीने १९८३ मध्ये बाजारात आणला. त्यात १५० लेव्हल्स होत्या आणि सोबत स्वतःची लेव्हल रचण्याची सोयही होती. पुढच्याच वर्षी ‘चॅम्पियनशिप लोड रनर’ आला. त्यात लेव्हल्स ५०च होत्या, पण त्या कितीतरी अवघड होत्या आणि ओळीनेच सोडवाव्या लागत. सगळ्या पार करणाऱ्याला कंपनी प्रमाणपत्र देई. त्यातून एक समजूत रुजली, ती अशी की मुळापेक्षा पुढचे पाऊल म्हणजे मुळापेक्षा अवघड पाऊल. चाहत्यांच्या संचांवर या समजुतीची छाया पुढे फार काळ राहिली.

माझ्या विवेचनाचा मुख्य आधार मात्र ‘चिप्स चॅलेंज’ हा खेळ आहे. चक सॉमरव्हिलने तो १९८९ मध्ये अटारीच्या ‘लिंक्स’ या हातात धरायच्या यंत्रासाठी केला. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या विंडोजसाठीच्या खेळांच्या एका पुडक्यातून तो घराघरांत आणि कचेऱ्यांत पोचला. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ज्यांच्या टेबलावर विंडोजचा संगणक आला, त्यांच्यापैकी काहींना तो आठवत असेल. ३२ गुणिले ३२ चौकोनांचा पट, त्यावर चार रंगांच्या किल्ल्या, पाणी, आग, बर्फ, ढकलायचे ठोकळे आणि आपापल्या ठराविक चालीने फिरणारे किडे-राक्षस. सगळ्या चिप्स गोळा करून दारापर्यंत पोचायचे. विंडोजच्या आवृत्तीत १४९ लेव्हल्स होत्या, पण नवी लेव्हल रचण्याची सोय नव्हती. तरी सर्व लेव्हल्स एकाच फाइलमध्ये साठवलेल्या असत. चाहत्यांनी त्या फाइलची बांधणी उलगडली आणि रचनेचे साधन स्वतःच तयार केले.

साधन हाती आल्यावर जे व्हायचे तेच झाले. सुरुवातीच्या पुष्कळ लेव्हल्समध्ये सबंध पट भरून टाकण्याचा सोस दिसतो. १०२४ चौकोन मिळालेत, मग एकही रिकामा का सोडा? अदृश्य भिंतींचे चक्रव्यूह, पन्नास दारांतून नशिबाने एक निवडायला लावणे, आणि दहा मिनिटांच्या मेहनतीनंतर शेवटच्या पावलावर मरण. या खेळात मध्येच थांबून पुढे त्याच जागेपासून सुरू करण्याची सोय नव्हती. चूक झाली की लेव्हल मुळापासून. म्हणून लांबलचक लेव्हलच्या शेवटी ठेवलेला सापळा ही खेळाडूच्या वेळेची नासाडी ठरते. अवघड असणे वेगळे आणि अन्याय्य असणे वेगळे, हा फरक रचनाकारांना कागदावर पटत असला तरी हाताला उमगायला वेळ लागला.

तेहतीस पावलांचा धडा

हा फरक सर्वांत स्वच्छ दिसतो तो ‘सोकोबान’ या दुसऱ्या खेळात. हिरोयुकी इमाबायाशी यांनी रचलेला हा जपानी खेळ ‘थिंकिंग रॅबिट’ या कंपनीने १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. सोकोबान म्हणजे गोदामाचा राखणदार. त्याने पेट्या ढकलून नेमलेल्या जागी लावायच्या. पेटी ढकलता येते, ओढता येत नाही, आणि एका वेळी एकच ढकलता येते. कोपऱ्यात अडकली की कायमची गेली. चाहत्यांनी हा खेळ साध्या मजकुरात लिहिण्याची रीत पाडली: भिंतीला हॅश, पेटीला डॉलरचे चिन्ह, पेटीच्या जागेला पूर्णविराम. त्यामुळे सबंध संच एका छोट्या मजकुरात मावू लागला आणि रचनाकारांची संख्या भराभर वाढली.

एखादे कोडे सुटणारे आहे की नाही, हे सर्व कोड्यांसाठी झटपट ठरवणारी युक्ती सापडण्याची आशा या खेळात धरता येत नाही. १९९७ मध्ये जोसेफ कल्बर्सन यांनी सिद्ध केले की सोकोबान हा संगणकशास्त्रातल्या अतिकठीण प्रश्नांच्या वर्गात बसतो. संशोधकांनी यंत्राची परीक्षा घेण्यासाठी ९० कोड्यांचा एक संच प्रमाण मानला होता; त्यातली सर्व कोडी सोडवणारा पहिला कार्यक्रम २०२० मध्ये जाहीर झाला. माणसांनी ती कितीतरी आधी सोडवली होती. यावरून दिसते की यंत्राला जड जाणारी गोष्ट आणि माणसाला रस देणारी गोष्ट एकच असते असे नाही. पेट्यांची संख्या वाढवली की यंत्राचा शोध फुगत जातो, पण माणसाचा आनंद त्या प्रमाणात वाढत नाही.

२००० सालच्या ‘मायक्रोबान’ या संचाचे मोल इथे कळते. त्यात १५५ लहान कोडी आहेत. हा संच नवशिक्यांसाठी आणि मुलांसाठी आहे, असे रचनाकार स्वतःच सांगतो. पहिलेच कोडे पाहा. भिंती धरून सहा गुणिले सात चौकोनांची जागा, त्यात दोन पेट्या. त्यांपैकी एक आधीच आपल्या जागी बसलेली आहे. सोडवणारा साहजिकच तिला हात लावत नाही, दुसरी ढकलू लागतो आणि अडतो, कारण पलीकडे जायची वाट नेमकी त्या बसलेल्या पेटीने अडवली आहे. ती वर सरकवावी लागते, दुसरी पेटी अर्ध्या वाटेवर बाजूला ठेवावी लागते, मग पहिली पुन्हा जागेवर आणावी लागते आणि शेवटी दुसरीला तिच्या घरी न्यावे लागते. एकूण ३३ पावले, त्यातली पेटी ढकलणारी अवघी आठ. पण एवढ्यात एक गोष्ट कायमची शिकून होते: जागेवर बसलेले हलवायचे नाही, हा नियम कुणी घातलेलाच नव्हता, आपण तो गृहीत धरला होता.

याच रचनाकाराने ‘सॅस्क्वॉच’ नावाचे पन्नास-पन्नास कोड्यांचे अतिशय अवघड संचही केले आहेत. म्हणजे त्याचे सोपेपण असमर्थतेतून आलेले नाही. अवघड रचता येत असताना त्याने लहान रचले, आणि एका कोड्यात एकच विचार ठेवला. माझ्या मते हौशी संचांच्या दर्जाचा पहिला निकष हाच आहे: कोडे सुटल्यावर ‘त्यात काय होते’ हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी संगणकाकडून सोकोबानची कोडी रचून घेण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनाही रचणे आणि सुटते का ते तपासणे यांपुढे एक तिसरी पायरी ठेवावी लागली, ती म्हणजे निरस कोडी गाळण्याची. गाळण्याचे काम यंत्रालाही चुकले नाही.

निवड, क्रम आणि रिकामा राहिलेला क्रमांक

पुन्हा ‘चिप्स चॅलेंज’कडे येऊ. अनेकांच्या लेव्हल्समधून निवडून एक सामाईक संच करावा, ही कल्पना २००२ मध्ये प्रत्यक्षात आली. मूळ खेळ हा पहिला, म्हणून चाहत्यांनी आपल्या संचाला दुसरा क्रमांक दिला. लेव्हल्सची संख्याही मुळाइतकीच, १४९ ठेवली. कल्पकतेला त्यात तोटा नाही. पण मायक्रोसॉफ्टच्या आवृत्तीतल्या तांत्रिक विचित्रपणावर उभ्या असलेल्या काही लेव्हल्स त्यात घेतल्या गेल्या. लिंक्सच्या नियमांनी खेळणाऱ्याला त्या सुटेनात. त्याच्यासाठी पुढे संचाची वेगळी आवृत्ती करावी लागली. खेळ आतून-बाहेरून जाणणाऱ्यांनी आपल्यासारख्याच जाणत्यांसाठी केलेला असा हा संच होता. २०१० मध्ये तिसरा संच आला. तो दोन्ही नियमांनी खेळता येतो, रचनेतही अधिक नेटका आहे, पण कठीण. मतदानाने निवड करायची तर मत देणारे कोण? वर्षानुवर्षे खेळत आलेले लोक. ज्यांना अजून खेळ माहीतच नाही, त्यांचे मत पेटीत पडत नाही.

हा दोष चाहत्यांनीच ओळखला, ही मला या इतिहासातली सर्वांत मोलाची घटना वाटते. मूळ १४९ लेव्हल्स कंपनीच्या मालकीच्या होत्या. नियम पाळणारे नवे, मोफत कार्यक्रम चाहत्यांनी लिहिले होते, पण त्यांच्यासोबत त्या लेव्हल्स वाटता येत नव्हत्या. म्हणजे खेळ मिळत होता, पण नवख्याने आत शिरावे असे दार मिळत नव्हते. मूळ खेळात ते दार होते: पहिल्या आठ लेव्हल्सना ‘धडा’ असेच नाव होते आणि त्या एकेक वस्तू ओळखीची करून देत. अखेर २०१४ मध्ये आणखी एक सामाईक संच आला. सर्वांना मोफत, दोन्ही नियमांनी खेळण्याजोगा, सोप्याकडून अवघडाकडे जाणारा. चाहत्यांनी केलेला हा तिसरा संच, पण त्याला क्रमांक दिला एक. मूळ खेळासाठी राखलेली जागा त्याने घेतली.

हा संच सोडवताना लक्षात येते की त्यातल्या बऱ्याच लेव्हल्स एकट्याने पाहिल्या तर साध्या वाटतील. त्यांचे बळ शेजारातून येते. आधीच्या लेव्हलने शिकवलेली गोष्ट पुढची लेव्हल वापरते, दमवणाऱ्या लेव्हलनंतर श्वास घ्यायला जागा मिळते. दिवाळी अंकाच्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. पंचवीस उत्तम कथा एकापाठोपाठ छापल्या म्हणजे उत्तम अंक होत नाही. कशानंतर काय वाचायचे, हे ठरवणारा कुणीतरी लागतो. मतदान चांगल्या लेव्हल्स हुडकून देऊ शकते. त्यांचा क्रम मात्र कुणाला तरी बसून लावावा लागतो, आणि कधी अधिक मते मिळालेली लेव्हल बाजूला ठेवण्याचे धैर्यही लागते.

मग कंपनीच्या आणि हौशी कामाच्या दर्जात फरक काय? माझ्या मते तो वेळेचा आहे. कंपनीला ठराविक तारखेला खेळ विकायचा असतो. चाहत्यांकडे तारीख नव्हती, म्हणून त्यांना चुकायला, एकमेकांच्या चुका दाखवायला आणि पुन्हा करून पाहायला वर्षे मिळाली. सॉमरव्हिलने स्वतः केलेला दुसरा भाग हक्कांच्या गुंत्यात अडकून २०१५ पर्यंत बाहेर येऊ शकला नाही. त्या सबंध काळात खेळ जिवंत राहिला तो या संचांमुळे.

जाणत्यांच्या प्रत्येक मंडळाला एक मोह असतो: आपल्यालाच भारी पडेल असे काहीतरी करावे. संगीताच्या बैठकीत तो असतो, बुद्धिबळाच्या कूटप्रश्नांत असतो, आपल्या समीक्षेतही असतो. त्या मोहापायी मंडळ हळूहळू लहान होते आणि त्याला ते कळतही नाही. ‘चिप्स चॅलेंज’च्या चाहत्यांनी वेळीच दाराकडे पाहिले आणि उंबरठा खाली आणला. पुढच्या, २०१७ च्या संचाला त्यांनी सरळ चौथा क्रमांक दिला. पहिल्या क्रमांकाची जागा तोवर भरली होती.